अंतराळातली चवळी आणि खिडकीतली मेथी

३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६० झेपावले, तेव्हा त्याच्यासोबत एका बंदिस्त पेटीत चवळीचे आठ दाणे होते. चार दिवसांत ते अंकुरले, मग पाने दिसली आणि देशभर ‘भारताची अंतराळशेती’ गाजू लागली. सहा महिन्यांनी शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात मूग आणि मेथी रुजवली. तो प्रयोग धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि तिथलीच आयआयटी यांचा होता. पुन्हा तसाच जल्लोष झाला. जल्लोषाला हरकत नाही. पण नेमके काय सिद्ध झाले, हा प्रश्न त्यात बुडून गेला, आणि त्याचे उत्तर शोधण्याची सर्वांत सोयीची जागा घराच्या खिडकीत आहे, हेही कुणाच्या लक्षात आले नाही.

अंकुरण म्हणजे शेती नव्हे. चवळीचा दाणा आपल्या दोन जाड बीजपत्रांत पहिल्या काही दिवसांची शिदोरी बांधूनच येतो. त्याला पाणी, प्राणवायू आणि योग्य तापमान मिळाले की पुरते. प्रकाशाची गरज नसते. कक्षेत फिरणाऱ्या पेटीत हवा, ओलावा आणि उष्णता काबूत ठेवता आली, हे इस्रोच्या अभियंत्यांचे खरे यश, आणि ते लहान नाही. परंतु शेतीची परीक्षा सुरू होते ती शिदोरी संपल्यावर, रोपाला स्वतःच्या पानांवर पोट भरावे लागते तेव्हा.

खिडकीतल्या बागेचाही निकाल याच टप्प्यावर लागतो. मेथी हमखास उगवते, घरात कौतुक होते, आणि तिसऱ्या आठवड्यात तीच रोपे फिकट, लांबुडकी होऊन काचेकडे माना टाकतात. दोष पाण्याला किंवा खताला दिला जातो. वस्तुतः रोप उपाशी असते. भर दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. घरातल्या उजळ वाटणाऱ्या टेबलावर ती जेमतेम तीनशे ते पाचशे भरते. माणसाचा डोळा अंधुक प्रकाशाशी इतक्या सफाईने जुळवून घेतो की ही दोनशेपटींहून मोठी तफावत त्याला जाणवतच नाही. पानाला ती जाणवते. मोबाइलमधले प्रकाशमापक काटेकोर नसतात, पण खिडकीची कड आणि तिथून दोन हात आतली जागा यांची तुलना करायला ते पुरेसे आहेत. विद्यार्थ्यांनी ती एकदा करून पाहावीच.

इथे परदेशी सल्ल्याची गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. ‘कुंड्या दक्षिणेच्या खिडकीत ठेवा’ हे वाक्य भारतीय चित्रफितींतही जसेच्या तसे ऐकू येते. पन्नास अक्षांशावरच्या लंडन-बर्लिनसाठी ते बरोबर आहे, कारण तिथे सूर्य वर्षभर दक्षिणेकडे कललेला असतो. मुंबईत मात्र मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. बंगळूरुत ही अवस्था एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत टिकते. दिल्लीत सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, पण २१ जूनला तो क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर असतो; म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवरचा छज्जा त्याला आत येऊच देत नाही. याच खिडकीत डिसेंबरमध्ये, सूर्य ३८ अंशांवर उतरल्यावर, ऊन खोलवर शिरते. भारतात दक्षिणेची खिडकी ही हिवाळ्याची बाग आहे, तर उन्हाळ्यात पूर्वेची कोवळी उन्हे अधिक कामाची. शाळेत शिकवलेले अयनबिंदू कोथिंबिरीच्या कुंडीशी जोडले गेले असते, तर भूगोलाचा तो धडा इतका कोरडा राहिला नसता.

‘खिडकीत पिकवा, भाजीवाल्याला विसरा’ अशा जाहिरातींचा समाचार साध्या अंकगणिताने घेता येतो. मीटरभर लांब आणि वीतभर रुंद कड म्हणजे सुमारे ०.२ चौरस मीटर. उघड्यावर दिवसाला प्रति चौरस मीटर पाच किलोवॅट-तास ऊर्जा मिळते असे धरले, आणि ती सगळी काचेतून आत आली असे औदार्याने मानले, तरी वाट्याला एक किलोवॅट-तास येतो. पीक त्यातला साधारण एक टक्का साठवते: दहा वॅट-तास, म्हणजे नऊच्या आत किलोकॅलरी. एका लहान बिस्किटाचीही भरपाई होत नाही. तेव्हा खिडकीने पोट भरण्याचे स्वप्न दाखवू नये. चव, वास आणि ताजेपणा मात्र ती देऊ शकते. पुदिन्याची पाण्यात मुळे फुटलेली काडी, रगडून दोन फोडी केलेले धणे, आणि शिदोरी संपण्याआधीच कापायची मोहरी-मेथीची कोवळी रोपे ही तिची खरी पिके. लेट्यूसचा हट्ट एप्रिल-मेमध्ये धरू नये; तीस अंशांवरच्या उष्णतेत त्याचे बी बहुधा झोपूनच राहते. उन्हाळ्यात माठ आणि राजगिरा हे जाणते सोबती आहेत.

कोवळ्या रोपांच्या कौतुकात एक धोका सहसा सांगितला जात नाही. दुकानातले पेरणीचे बियाणे पुष्कळदा बुरशीनाशक लावलेले, गुलाबी-निळ्या रंगाचे असते. ते शेतासाठी असते. आठवड्यात ताटात येणाऱ्या रोपांसाठी ते वापरणे म्हणजे विष चाखणे. शिवाय मोड आणण्याची ऊबदार ओल जिवाणूंनाही तितकीच मानवते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या साथीने पन्नासहून अधिक माणसे दगावली. तिचा माग मोड आणण्याच्या मेथीदाण्यांपर्यंत पोहोचला होता. म्हणून बी खाण्यायोग्य प्रतीचे, भांडे धुतलेले आणि पाणी पिण्याचे असावे. लहान मुले, गर्भवती व आजारी माणसे यांच्या ताटात मोड शिजवूनच वाढावेत.

शुक्लांची मेथी पृथ्वीवर परतली असून तिच्या पुढच्या पिढ्या वाढवून फरक शोधण्याची योजना आहे. अशा तुलनेला जमिनीवर वाढलेली मेथी लागतेच. दोन वाट्यांत दहा-दहा दाणे पेरावेत, एक खिडकीच्या कडेवर आणि एक दोन हात आत ठेवावी, आणि रोज सकाळी उंची व पानांचा रंग वहीत टिपावा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत वही बंद करू नये.