दयेच्या गाण्यांचा हिशेब

कलेच्या सामर्थ्याची थोरवी सांगताना एक दाखला व्यासपीठावरून वारंवार दिला जातो. इंग्रजी रंगभूमीवर गुलामांच्या दुःखाची गाणी घुमली, प्रेक्षकांची अंतःकरणे द्रवली आणि अखेर पार्लमेंटने बेड्या तोडल्या, असा तो दाखला. ऐकायला तो गोड वाटतो. परंतु ज्या नाटकांच्या आधारे तो दिला जातो ती नाटके उघडून पाहिली, की या गोडव्यामागे किती सोयीस्कर विस्मरण दडले आहे ते ध्यानात येते.

लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध मंडळ स्थापन झाले ते १७८७ च्या मे महिन्यात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेमार्केटच्या रंगमंचावर जॉर्ज कोलमन (धाकटे) यांची ‘इंकल अँड यारिको’ ही संगीतिका आली आणि पुढे कित्येक वर्षे गाजत राहिली. जंगलात आपला जीव वाचवणाऱ्या यारिकोला इंकल हा तरुण व्यापारी बार्बाडोसमध्ये विकायला निघतो, ही तिची कथा. रिचर्ड स्टील यांनी १७११ साली हीच कथा सांगितली, तेव्हा तिचा शेवट अंगावर काटा आणणारा होता. यारिको गरोदर असल्याचे सांगते आणि इंकल त्याच कारणाने तिची किंमत वाढवतो. कोलमन यांनी हा शेवट बदलला. त्यांचा इंकल पश्चात्ताप करून यारिकोचा स्वीकार करतो. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की इंकलला खडे बोल सुनावणारा न्यायी पुरुष म्हणून उभा राहतो तो बार्बाडोसचा गव्हर्नर! ज्या बेटाची सारी श्रीमंती गुलामांनी पिकवलेल्या उसावर उभी होती, त्याचाच कारभारी येथे माणुसकीचा कैवारी ठरतो. एका लोभी तरुणाला सुधारले, की प्रश्न मिटला. व्यापार तसाच राहिला, बाजारही तसाच राहिला, आणि प्रेक्षक डोळे पुसून घरी जाऊन साखर घातलेला चहा प्यायला मोकळा झाला.

१८०० सालचे ‘ओबी’ हे हेमार्केटवरीलच मूकनाट्य आणखी पुढे जाते. जमैकाच्या डोंगरांत बंड करून राहिलेला आणि १७८१ मध्ये मारला गेलेला ‘तीन बोटांचा जॅक’ हा त्याचा विषय. त्यातील गुलाम गातात ते चांगल्या धन्याच्या कृपेविषयी. जॅकला मारायला निघालेला क्वाशी आधी बाप्तिस्मा घेतो, आणि त्या बातमीनेच जॅकचे धैर्य खचते. ख्रिस्ती वाचकाने येथे क्षणभर थांबावे. ज्या संस्काराने मनुष्य देवाचे लेकरू होतो, तो संस्कार या खेळात बंडखोराच्या शिकारीचे हत्यार झाला आहे, आणि प्रेक्षागृह टाळ्या वाजवीत आहे.

तिसरे उदाहरण तर तारखांमुळेच बोलके झाले आहे. १८१६ च्या एप्रिलमध्ये बार्बाडोसच्या गुलामांनी बुसा याच्या नेतृत्वाखाली उठाव केला. तो रक्तात बुडवला गेला आणि बुसा लढाईत पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कव्हेंट गार्डन येथे थॉमस मॉर्टन यांचे ‘द स्लेव्ह’ रंगले. त्याला संगीत हेन्री बिशप यांचे होते आणि नायक गॅम्बियाची भूमिका मॅक्रेडी यांनी केली होती. गॅम्बिया उदात्त आहे, यात शंका नाही. परंतु त्याचे औदार्य प्रकट होते ते बंडखोर गुलामांविरुद्ध गोऱ्यांच्या बाजूने लढण्यात, आपली प्रिया इंग्रज अधिकाऱ्यासाठी सोडून देण्यात आणि शेवटी इंग्लंडचा जयजयकार करण्यात. रंगभूमीला गुलाम हवा होता तो कृतज्ञ. ज्याने स्वातंत्र्य मागितले, त्या बुसासाठी तेथे एकही गाणे नव्हते.

येथे कोणी म्हणेल, त्या काळी याहून अधिक बोलण्याची मोकळीक तरी कोठे होती? आक्षेप रास्त आहे. १७३७ च्या कायद्यान्वये प्रत्येक नवे नाटक लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीतून मंजूर करून घ्यावे लागे. पण या कचेरीत १८२४ पासून परीक्षक म्हणून कोण बसले? यारिकोचे कर्ते कोलमनच! प्रियकराने प्रेयसीला ‘देवदूत’ म्हटलेलेही त्यांना खपत नसे. दुसरी गोष्टही प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. जे पत्रके वाचत नसत त्यांच्या कानी गुलामाचे नाव पडले ते या गाण्यांमुळेच. छापील स्वरलिपीतून ती घरोघरच्या पियानोवर गेली. गुलाम हा व्यापारी माल नसून सुखदुःख जाणणारा मनुष्य आहे, एवढे तरी त्यांनी शिकवले. माझी तक्रार अशी, की त्यांनी शिकवणे तेथेच थांबवले आणि आपण मात्र त्यांना मुक्तिदात्याचा मान देऊन बसलो.

या करुणेची कसोटी लागली ती खरा कृष्णवर्णीय नट समोर आला तेव्हा. न्यूयॉर्कचे आयरा ऑल्ड्रिज १८२५ मध्ये लंडनच्या रंगमंचावर उभे राहिले. १८२४ मध्ये चार्ल्स मॅथ्यूज यांनी कृष्णवर्णीय नटाची टिंगल करणारे गाणे आपल्या कार्यक्रमात रुळवले होते. तेच गाणे पुढे ऑल्ड्रिज यांनाही म्हणावे लागले, कारण प्रेक्षकांना ते हवे होते. १८३३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कव्हेंट गार्डनला ऑथेल्लो साकारला. लंडनच्या पत्रांपैकी काहींनी त्यांच्या वर्णावरून इतके गरळ ओकले, की दोन प्रयोगांतच खेळ आटोपला. तोंड काळे करून गाणाऱ्या गोऱ्या नटासाठी रडणाऱ्या शहराला जन्मतः काळा असलेला कलावंत सोसवला नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुक्तीचा कायदा झाला. त्यामागे १८२३ चा डिमेराराचा आणि १८३१-३२ चा जमैकाचा उठाव होता. जमैकाचा नेता सॅम्युअल शार्प, हा बाप्टिस्ट उपदेशक, १८३२ मध्ये फासावर चढला होता. कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, ती गुलामांच्या मालकांना. गुलामांना एक छदाम मिळाला नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३८ पर्यंत राबावे लागले. त्या भरपाईसाठी काढलेले कर्ज ब्रिटिश सरकारने पूर्णपणे फेडले ते २०१५ साली. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख या कायद्यातून वगळलेला होता. आणि मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गुलामांची जागा भरण्यासाठी जे करारबद्ध मजूर नेले गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणची माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी जपून आहेत. पियानोवरच्या त्या करुण सुरांचा हिशेब असा आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचतो.

दया वाईट नव्हे. पण पीडिताने आभारी राहावे, या अटीवर केलेली दया ही धन्याचीच सोय असते. संत याकोब आपल्या पत्रात विचारतो, की उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ म्हणून वाटेला लावले आणि त्याच्या देहाला लागणारे काही दिले नाही, तर त्याचा काय उपयोग? आपल्या साहित्यातही दलित-दुबळ्यांची करुण गाणी रचली जातात आणि त्यांना टाळ्याही मिळतात. ती रचणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने एवढे एकदा तपासावे, की या गाण्यात तो दुबळा काही मागतो आहे, की नुसतेच हात जोडून उभा आहे.