ॲम्फिऑक्सस म्हणजे काय रे भाऊ?

नावांवरून भांडायला आपल्याला फार आवडतं. २०२४ मध्ये आमच्या अहमदनगर जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, तेव्हा पारावरच्या आजोबांपासून हिंजवडीतल्या पोरांपर्यंत प्रत्येकाकडे मत तयार होतं. चांगलंय. म्हणजे नावाला महत्त्व असतं हे आपल्याला पटतं. मग पारनेर-जामखेडचं पोर दहावीच्या विज्ञानात 'ॲम्फिऑक्सस' असं घोकत बसतं, तेव्हा आपल्याला काहीच का वाटत नाही?

प्राणी भारी आहे हो. बोटाएवढा, जवळजवळ पारदर्शक. उथळ समुद्रात वाळूत अंग गाडून, तोंड तेवढं बाहेर काढून पाणी गाळत बसतो. कवटी नाही, जबडा नाही, मणके नाहीत. पण पाठीत एक लवचिक दोर असतो, आणि तो जन्मभर टिकतो. आपण आईच्या पोटात असताना तसाच दोर आपल्यालाही असतो, पुढे त्याच्या जागी मणके येतात. म्हणजे हा आपला लांबचा भाऊबंदच! आणि या भाऊबंदाबद्दल पोराला काय मिळतं? एक मार्काचं उदाहरण.

'ॲम्फिऑक्सस'चा ग्रीक अर्थ एवढाच, की दोन्हीकडे टोकदार. इंग्रजीत 'लान्सलेट', म्हणजे छोटा भाला. दोन्ही नावं प्राण्याकडे बघून ठेवलेली. आपण मात्र अर्थ काढून फक्त आवाज आयात केला. कोड रिव्ह्यूमध्ये कुणी व्हेरिएबलला असलं नाव दिलं तर आपण त्याला उभा-आडवा घेऊ. पोरांना मात्र तेच पाठ करायला लावतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं. "अरे, शास्त्रीय नावं आंतरराष्ट्रीय असतात, ती बदलायची नसतात." मान्य! पण गंमत अशी, की 'ॲम्फिऑक्सस' हे आता शास्त्रीय नाव राहिलेलंच नाही. १७७४ मध्ये पीटर सायमन पॅलास यांनी या प्राण्याला चक्क बिनशंखाची गोगलगाय समजून 'लिमॅक्स लॅन्सिओलॅटस' म्हटलं. १८३४ मध्ये कोस्टा यांनी 'ब्रँकिओस्टोमा' हे नाव दिलं. तोंडाभोवतीचे धागे त्यांना कल्ले वाटले, म्हणून 'कल्लेतोंड्या'. 'ॲम्फिऑक्सस' हे यॅरेल यांनी दिलेलं नाव १८३६ चं. आधीचं नाव ग्राह्य, या नियमाने कोस्टा जिंकले. म्हणजे आपण ज्याला पवित्र आंतरराष्ट्रीय नाव समजून हात लावत नाही, ते कधीच निवृत्त होऊन आता नुसतं बोलीतलं नाव उरलंय. बोलीतलंच वापरायचं, तर ते ग्रीकांच्या बोलीतलं कशाला?

बाकीच्यांनी काय केलं बघा. जर्मन लोक त्याला 'भालामासोळी' अशा अर्थाच्या शब्दाने ओळखतात. जपानी नावाचा अर्थ 'गोगलगाय-मासा'. चीनमध्ये विद्येची देवता वेनचांग, तिच्या नावाने हा 'वेनचांग मासा'. तिकडे शियामेनजवळ कोळी तो पकडून विकायचे, १९२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यावर लेखही आला होता. यातल्या कुणाचंही संशोधन घरच्या नावामुळे अडलं नाही.

आता दुसरं टोक. मराठी शब्द द्या म्हटलं की समितीवाले संस्कृताचं पोतं उघडतात. 'समपृष्ठरज्जू'! नगरच्या पोराला दोर कळतो, दावं कळतं, चऱ्हाट कळतं. रज्जू त्याच्या गोठ्यात कधी बांधलेला नसतो. 'पाठदोरी' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

आणि नावं ठेवायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. माळावर राहणारा तो माळढोक. कर्जतच्या रेहेकुरी अभयारण्यात बागडतो तो काळवीट. मांडुळाचं शेपूट तोंडासारखं बोथट, म्हणून तो दुतोंड्या. त्याला दोन तोंडं नसतात हे खरं, पण कोस्टांच्या प्राण्याला तरी तोंडात कल्ले कुठे होते? नाव शंभर टक्के बरोबर असायची अट नसते. बघितल्यावर सुचलेलं आणि ऐकल्यावर आठवणारं असलं की झालं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. याला 'दुटोक्या' म्हणा. दोन्हीकडे टोक असलेला तो दुटोक्या. कंसात 'ॲम्फिऑक्सस' लिहा, खाली 'ब्रँकिओस्टोमा'ही द्या, पुढे इंग्रजीत शिकणाऱ्याचं काहीही अडणार नाही. 'दुटोक्या' आवडला नाही? दुसरं ठेवा, माझा हट्ट नाही. पण असं ठेवा, की ज्या पोराने अजून समुद्रही पाहिलेला नाही, त्याच्या डोळ्यांसमोर तो प्राणी उभा राहील.

नाहीतर ते पोर एवढंच शिकतं, की विज्ञान म्हणजे न कळणारे शब्द न चुकता लिहिणं. मग मार्क पडतात, इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळते, आणि प्रश्न विचारायची सवय मात्र दहावीतच सुटलेली असते. शहराच्या नावासाठी आपण रस्त्यावर उतरतो. पुस्तकातल्या नावासाठी निदान तोंड तरी उघडूया.