शोध घेणें आणि शोध लावणें

घरांतील मुलें हल्लीं 'गुगल केलें' असें क्रियापद सर्रास योजतात, आणि वडील मंडळी त्यावर नाक मुरडतात. आमच्या मतें क्रियापदापेक्षां त्यामागील विद्येकडे पाहणें अधिक उपयोगाचें आहे.

1990 सालीं माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठांत अॅलन एमटेज यांनीं 'आर्ची' ही सोय केली. ती फायलींचीं केवळ नांवें सांगे. आंत काय आहे तें तिला ठाऊक नसे. 1994 मध्यें स्टॅनफर्ड येथील जेरी यांग व डेव्हिड फायलो या विद्यार्थ्यांनीं 'याहू'चा आरंभ केला. हिला 'डिरेक्टरी' म्हणत, आणि शब्द यथार्थ होता. माणसें स्थळें पाहून तीं विषयवार खणांत ठेवीत. शंकर गणेश दाते यांची 1943 ची मराठी ग्रंथसूची ज्यांनीं चाळली असेल त्यांस ही जात ओळखीची वाटेल. खरें 'सर्च इंजिन' निराळें. 1995 च्या डिसेंबरांत निघालेलें 'अल्टाविस्टा' पानांतील शब्दन् शब्द टिपून ठेवी. सूचीला विवेक असतो, पण आवाका नसतो; यंत्राचें नेमकें उलट. 1998 मध्यें स्थापन झालेल्या 'गुगल'नें कोणत्या पानाकडे इतर किती व कोणतीं पानें बोट दाखवितात हें मोजून त्या आवाक्यास थोडा विवेक जोडला.

मुंबईंतहि राजेश जैन यांनीं 1995 मध्यें 'इंडियावर्ल्ड' काढलें. भारतीय स्थळांचा ठाव देणारें 'खोज' त्यांतलेंच. 1999 च्या नोव्हेंबरांत सत्यम इन्फोवे कंपनीनें हा कारभार 499 कोटी रुपयांस घेण्याचें ठरविलें. नांव मात्र हिंदी वळणाचें. मराठींत 'शोध' एकच, पण न्यूटननें तो लावला आणि हरवलेल्या गाईचा आपण तो घेतों. यंत्र शोध घेतें, लावीत नाहीं. हा भेद आपल्या भाषेनें आयताच करून ठेवला आहे.

आतां बीडच्या माणसाची अडचण पाहा. रोमन लिपींत हें गांव कोणी 'बी-ई-ई-डी' लिही, कोणी 'बी-आय-डी'. निजामी अमदानींतील इंग्रजी कागदांत तें 'बी-एच-आय-आर'. आरंभींचें यंत्र अक्षरें जुळवी, अर्थ नव्हे. 'बी-आय-डी' म्हणजे इंग्रजींत लिलांवांतील बोली. म्हणून जिल्हा विचारावा तर लिलांव पुढें येण्याची धास्ती! मुकुंदराज व दासोपंत यांचें अंबाजोगाई तर त्या अमदानींत मोमिनाबाद होतें. दोन्ही नांवें ठाऊक नसलेल्या नातवाला आजोबांच्या शाळेचा कागद सांपडावा कसा?

देवनागरीचें दुखणें याहून खोल होतें. प्रत्येक फाँटकर्ता अक्षरांस आपापले संकेत देई. पडद्यावर 'विवेकसिंधु' उमटे, यंत्रास मात्र रोमन अक्षरांचा गोंधळ दिसे. अशीं मराठी पानें असूनहि नसल्यासारखीं होतीं. युनिकोडचा समान संकेत रुळला तेव्हां ही कोंडी फुटली. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजीं सुरू झाला.

तरी रुमालांत बांधलेल्या पोथ्या आणि कुळाचीं टिपणें कोणीं उतरून घेतल्याखेरीज कोणत्याहि यंत्राच्या हातीं लागत नाहींत. जें उतरलें आहे त्यासाठीं मात्र अंबाजोगाई, अंबेजोगाई आणि मोमिनाबाद, तिन्ही नांवें घालून पाहावीं.