अन्वय लावण्याची विद्या

प्रौढशिक्षण हा शब्द कानीं पडला, कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. कंदिलाच्या उजेडांत बसलेले शेतकरी, पुढ्यांत पाटी, आणि राठ बोटांनीं मोठ्या कष्टानें गिरविलेली स्वतःची सही. हें चित्र आदरणीयच आहे. परंतु अक्षरओळख झाली म्हणजे प्रौढाचें शिक्षण संपलें, आणि ज्यास अक्षरओळख आहे त्यास या शिक्षणाचें कांहींच प्रयोजन नाहीं, अशी जी समजूत सुशिक्षित घरांतून रूढ आहे, तिचा विचार आज या सदरांत करावयाचा आहे.

१९८८ सालच्या एप्रिल महिन्यांत वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पुढच्याच महिन्यांत राष्ट्रीय साक्षरता मिशनचा आरंभ झाला. एक योजना लोकांस अक्षरें शिकविण्यासाठीं होती. दुसरी त्यांतल्याच कित्येकांचीं घरेंदारें व शेतें यांचें भवितव्य बदलणारी होती. आमच्या कुही तालुक्यांतील अनेक गांवें या धरणाच्या जलाशयाखालीं गेलीं. पहिल्या योजनेनें सही करावयास शिकविलेल्या माणसासमोर दुसऱ्या योजनेचा कागद येणार होता. सही कशी करावी, हें तो शिकला. पण त्या कागदाचा आपल्या नदीशीं, आपल्या गुरांच्या चाऱ्याशीं, मुलांच्या पोटापाण्याशीं आणि दूरच्या कालव्याशीं काय संबंध आहे, हें त्यानें कोणत्या वर्गांत जाऊन शिकावयाचें? आणि तो कागद तयार करणारे जे विद्वान, त्यांनीं तरी तें कोठें शिकावयाचें?

संस्कृताच्या अध्यापकास एक अनुभव नेहमीं येतो. विद्यार्थ्यास श्लोकांतील प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असतो, कोशहि जवळ असतो. तरी श्लोक उलगडत नाहीं. कारण अन्वय लागलेला नसतो. कर्ता कोण, कर्म कोणतें, विशेषण कोणाकडे जातें, हें ध्यानांत आलें, कीं तेच शब्द एकाएकीं बोलूं लागतात. जगाचेंहि असेंच आहे. शब्द आपणांस पुष्कळ येतात. पाऊस, बाजारभाव, वीज, कर्ज, रोगराई या प्रत्येकाची माहिती देणारे तज्ज्ञहि आहेत. उणीव आहे ती अन्वयाची. अलीकडे पाश्चात्य देशांत समग्र रचनेचा विचार शिकविणारे वर्ग प्रौढांसाठीं चालतात. त्यांचा गाभा माझ्या मतें हाच: सुटे शब्द सोडून वाक्य वाचावयास शिकणें, आणि वाक्य कळल्यावर त्यांतील चूक दुरुस्त करणें.

उदाहरणासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. नाग नदी नागपूरच्या पश्चिमेस लाव्हा गांवाजवळच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरीवरून शहरांत शिरते, शहराचें सांडपाणी पोटांत घेते, आणि पूर्वेस येऊन कन्हानेस मिळते. कन्हान पुढें आमच्या तालुक्यांतील आंभोऱ्यास वैनगंगेस मिळते. मुकुंदराजांनीं विवेकसिंधु येथेंच रचला, अशी परंपरा आहे. आंब, मुर्झा व कोलारी धरून येथें पांच नद्यांचा संगम मानतात. त्याच संगमापर्यंत आज गोसीखुर्दचा जलाशय पसरला आहे. आतां नागपूरच्या घरांत नळाला जें पाणी येतें, तें मुख्यतः पेंच नदीचें. पेंच ही कन्हानेचीच उपनदी. म्हणजे जें पाणी पेंचेच्या पात्रांतून निर्मळपणें कन्हानेस जाऊन मिळावयाचें, तेंच आपल्या न्हाणीघरांतून, मोऱ्यांतून व गटारांतून फिरून नागनदीच्या वाटेनें कन्हानेसच जाऊन मिळतें. आणि शेवटीं मासेमाराच्या जाळ्यांत व शेतकऱ्याच्या पाटांत जातें. नागपूरची गृहिणी आणि कुहीचा मासेमार एकमेकांस ओळखत नाहींत. तरी तीं दोघें एकाच वाक्यांतील पदें आहेत. शहराच्या सांडपाण्याचा कांहीं भाग शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्रास पुरविला जातो, ही चांगली गोष्ट आहे. कोणीतरी त्या वाक्याचा थोडा अन्वय लावला, तेव्हांच ती सुचली.

आपल्या शास्त्रकारांनीं लौकिक न्यायांच्या रूपानें या विद्येचीं साधनें आपणांस देऊन ठेविलीं आहेत. अंधगजन्याय सर्वांस ठाऊक आहे. पण आपण तो दुसऱ्याचें अज्ञान दाखविण्यापुरता वापरतों. वस्तुतः त्याचा उपदेश असा, कीं हत्तीचा पाय चाचपणारा खोटें बोलत नसतो; त्याचें म्हणणें सोंड धरणाऱ्याच्या म्हणण्याशीं जोडून घ्यावयाचें असतें. दुसरा बीजांकुरन्याय. बीजापासून अंकुर आणि अंकुरापासून पुन्हां बीज. कार्य फिरून कारणावर येऊन पडतें. शेजाऱ्यानें शंभर हात खोल कूपनलिका खणली, म्हणून आपली विहीर आटली. म्हणून आपण दोनशें हात खणली, म्हणून त्याची आटली. प्रत्येकाचें करणें स्वतःपुरतें शहाणपणाचें. मिळून सर्वांचा वेडेपणा. येथें दोषी माणूस शोधीत बसणें व्यर्थ आहे. फेरा कोठें तोडतां येईल, हें शोधावें लागतें.

तिसरें साधन आपल्या माजघरांतच आहे. रांजणांतील पाणी किती राहील, हें नुसत्या भरण्यावर ठरत नाहीं. भरणें व उपसणें या दोहोंवर मिळून ठरतें. अमेरिकेंतील डोनेला मेडोज ही विदुषी हेंच तत्त्व स्नानाच्या टांकीच्या दृष्टान्तानें शिकवीत असे. १९७२ सालीं जगाच्या वाढीच्या मर्यादांविषयीं जो प्रसिद्ध ग्रंथ निघाला, त्याच्या लेखकांपैकीं ती एक. आपणांस रांजण पुरेसा आहे.

हा विचार आमच्या प्रांतांत नवा नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. शेजारच्या वर्ध्यास १९३७ च्या ऑक्टोबरांत शिक्षणपरिषद भरली आणि नई तालीमचा पाया घातला गेला. प्रथम तो विचार मुलांपुरता होता. पुढें १९४५ च्या आरंभीं सेवाग्रामच्या परिषदेंत गांधीजींनीं त्याची व्याप्ति साऱ्या आयुष्यापर्यंत नेली आणि प्रौढशिक्षण हें त्याचें एक अंग ठरलें. त्याच वर्ध्याच्या मगनवाडींत जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगांचें काम पाहत. ते मूळचे हिशेबतपासनीस. म्हणूनच कीं काय, निसर्गाचा जमाखर्च त्यांना अचूक दिसला. तुरुंगांत लिहिलेला त्यांचा ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. कोळसा व खनिज तेल यांसारखी साठ्याची संपत्ति एक, आणि वाहतें पाणी, वाढतें लांकूड यांसारखी प्रवाहाची संपत्ति दुसरी, असा भेद ते करीत. पहिली खर्चिली कीं संपली. दुसरी जपून घेतली तर अखंड मिळत राहते. आज ज्यास जग शाश्वत विकास म्हणतें, त्याचें बीज या एका भेदांत आहे. मूळ रक्कम मोडून खाणाऱ्या कुळाचें काय होतें, हें जुन्या घरांस निराळें सांगावयास नको.

परंतु विचार असणें निराळें आणि प्रौढ माणसांनीं तो नित्य अभ्यासणें निराळें. याचें सर्वांत स्पष्ट उदाहरण विदर्भांतच, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) या गांवीं आहे. वस्ती सुमारें पांचशें, गोंड समाजाची. १९८० नंतरच्या दशकांत वैनगंगा-गोदावरीच्या खोऱ्यांतील मोठ्या धरणांविरुद्ध जी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ चळवळ झाली, तिच्यांतून हें गांव जागें झालें. गांवचे देवाजी तोफा आणि बाहेरून आलेले ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासांतून तेथें अभ्यासगट सुरू झाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हींच सरकार’ ही घोषणा त्या गांवाची म्हणून सर्वत्र पोंचली. पण घोषणा ऐकून जे थांबले, त्यांनीं अभ्यासगटाची रीति पाहिली नाहीं. आणि माझ्या मतें खरी विद्या तींतच आहे.

ती रीति अशी. गांवांतील ज्यांस इच्छा असेल अशीं स्त्रीपुरुष एकत्र बसतात. जंगल, पाणी, कायदा, गांवचा हिशेब, जो प्रश्न पुढें असेल त्यावर बोलणें होतें. बाहेरचा जाणता माणूसहि तेथें येऊन बोलूं शकतो. मात्र त्या बैठकींत निर्णय घ्यावयाचा नाहीं. निर्णय ग्रामसभेचा, तोहि बहुमतानें नव्हे, सर्वसंमतीनें. आणि त्यांत बाहेरच्याचा हात नाहीं. अभ्यास आणि निर्णय हीं दोन कामें अशीं वेगळीं ठेवण्यांत फार खोल शहाणपण आहे. जेथें लगेच निर्णय व्हावयाचा असतो, तेथें माणूस आपली बाजू जिंकावयास येतो. जेथें कांहींच ठरावयाचें नाहीं, तेथें हरण्याचें भय नाहीं. म्हणून तो ऐकतो, शंका विचारतो, मत बदलूंहि शकतो. श्रवण, मनन आणि निदिध्यासन ही आपली परंपरा. पण श्रवण होतांच थेट हुकूम सोडण्याची संवय आपणांस लागली आहे.

या अभ्यासाचें फळ काय? २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं गांवास सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांत मेंढ्याची गणना होते. २०११ च्या एप्रिलांत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. २०१३ सालीं गांवानें ग्रामदानाचा निर्णय घेतला. आरंभापासून हक्कापर्यंत पंचवीस वर्षांच्या आसपास काळ गेला. पेरल्यापासून पिकेपर्यंत जो विलंब लागतो, तो सोसावयास शिकणें हाहि या विद्येचा एक धडा आहे.

परदेशांतहि असा दाखला आहे. डेन्मार्कांत ग्रुंटविग नांवाच्या धर्मोपदेशकाच्या प्रेरणेनें १८४४ सालीं रोडिंग येथें प्रौढ शेतकऱ्यांसाठीं लोकविद्यालय निघालें. तेथें परीक्षा नव्हती, पदवी नव्हती, संवाद होता. पुढें त्या देशांतील शेतकऱ्यांनीं १८८२ पासून सहकारी दुग्धालयें उभारलीं, तेव्हां एकमेकांचें ऐकून घेण्याची ही तयारी त्यांच्या कामीं आली, असें इतिहासकार मानतात.

कोणी म्हणेल, ‘एवढा वेळ कोणापाशीं आहे? सर्वांनीं संमति देईपर्यंत थांबलें, तर घर पेटल्यावर विहीर खणण्याची पाळी येईल.’ आक्षेप खोटा नाहीं. सर्वसंमतीच्या नांवाखालीं मोठ्या आवाजाच्या माणसाचीच संमति चालते, असेंहि घडतें. दुबळा गप्प बसतो आणि त्याच्या मौनास होकार समजलें जातें. यावर उपाय घाई हा नव्हे. आग लागली तर ती आधीं विझवावीच. पण घर बांधतांना, जमीन विकतांना, कूपनलिका खणतांना आग लागलेली नसते. तेथें आपण घाई करतों ती वेळ नसल्यामुळें नव्हे, तर विचारल्यास कोणी कांहीं निराळें सांगेल या भीतीनें.

येथें आपल्या एकत्र कुटुंबांचा विषय येतो. आपल्या घरांत पदव्या आहेत, ग्रंथ आहेत, वृत्तपत्रें येतात. पण निर्णय कसा होतो? बाहेरच्या बैठकींत दोनतीन पुरुष बसतात, कर्ता मान हालवतो, आणि निर्णय माजघरांत कळविला जातो. दिवसाला पाणी किती लागतें, गॅसची टांकी किती दिवस पुरते, कोणत्या महिन्यांत विहीर तळ गांठते, कोणत्या भाजीवर अलीकडे औषधाचा वास येतो, हें ज्या सुनांस व सासवांस नित्य ठाऊक, त्यांस विचारलेंच जात नाहीं. मेंढ्याची सभा स्त्रियांवांचून पुरी होत नाहीं, आणि आपली मात्र होते! ज्यांस आपण अशिक्षित म्हणतों, त्यांच्यापुढें या एका परीक्षेंत आपण अनुत्तीर्ण आहों, हें मान्य केल्यावांचून पुढचा पाठ सुरू होणार नाहीं.

म्हणून प्रत्येक घरानें महिन्यांतून एक सायंकाळ अभ्यासास द्यावी, अशी माझी सूचना आहे. घरांतील सर्व प्रौढ माणसांनीं बसावें. मंडळी चार गांवीं विखुरलीं असल्यास दूरध्वनीवरून सामील व्हावें. प्रश्न एकच घ्यावा. पहिला प्रश्न मी सुचवितों: आपल्या घरीं पाणी येतें कोठून आणि जातें कोठें? थोरांनीं शेवटीं बोलावें, कारण ते आधीं बोलले कीं बाकीचे बोलत नाहींत. त्या दिवशीं कांहींहि ठरवूं नये. जें ठाऊक नाहीं तें वहींत लिहावें आणि महिनाभरांत जाणत्यास विचारून यावें. मग तो जाणता अभियंता असो, नळ दुरुस्त करणारा असो, भांडीं घासणारी बाई असो, कीं नदीकांठचा शेतकरी. तीनचार बैठकींनंतर वाक्याचा अन्वय लागूं लागेल. तेव्हां सर्वांच्या संमतीनें एकच बदल करावा आणि वर्षभर त्याची नोंद ठेवावी. मोरीचें पाणी परसांतल्या केळीस वळविणें, छपराचें पाणी विहिरींत सोडणें, कपडे धुण्याची पूड बदलणें, असा बदल लहान असला तरी चालेल. अपेक्षेप्रमाणें फळ आलें नाहीं, तर तेंहि लिहावें. चुकलेला अन्वयच पुढें बरोबर अन्वयाकडे नेतो.

घरास ही संवय लागली, कीं ती वाड्यांत, आळींत व ग्रामसभेंतहि जाईल. आपल्या तालुक्यांत उद्यां कोणती योजना येईल, हें कोणी सांगूं शकत नाहीं. पण ती आली म्हणजे तिच्या कागदावर सही करण्यापूर्वीं ‘याचा अन्वय कसा लागतो?’ असें विचारणारीं दहा घरें जरी गांवांत असलीं, तरी त्या कागदाचें स्वरूप निराळें होईल. ज्या घरीं अशी वही सुरू होईल, त्या घरच्या मंडळींनीं तिचें पहिलें पान मजकडे अवश्य पाठवावें. हस्ताक्षर कसेंहि असलें तरी चालेल. मात्र तें घरांतील सर्वांत धाकट्या सुनेचें असल्यास मला विशेष संतोष वाटेल.