घरामागची पत्र्याची शेड, नोटीस आणि आपले अधिकार

घरामागे चार पत्रे टाकून शिलाई मशीन ठेवले, मुलांच्या अभ्यासासाठी खोली काढली, तर परवानगी लागते का? वस्त्यांमध्ये काम करताना हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. दुर्दैवाने तो बहुतेक वेळा नोटीस आल्यानंतर विचारला जातो.

गेल्या वर्षी आमच्या कामाच्या वस्तीत एका ताईंच्या शेडला अशीच नोटीस आली. त्या शेडमधल्या मशीनवरच त्यांचे घर चालत होते. सुनावणीचा उल्लेख नोटिशीत नव्हता. ताईंनी घाबरून दुसऱ्याच दिवशी स्वतःच पत्रे उतरवले. आम्ही पोहोचलो तेव्हा विचारायला काही उरले नव्हते. कायदा काय सांगतो हे वेळेवर माहीत असते, तर किमान बाजू मांडता आली असती.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार बांधकाम करण्यापूर्वी नियोजन प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. घराचे बाहेरील स्वरूप फारसे बदलत नाही अशा दुरुस्तीला कलम 43 मध्ये सूट आहे. नवी पक्की शेड या सुटीत बसत नाही. शिवाय घराच्या कडेने ठराविक सामासिक अंतर मोकळे सोडावे लागते. मोठ्या बंगल्याला हे अंतर सोडूनही जागा उरते. अर्ध्या गुंठ्यातल्या घराचे परसदार म्हणजेच ते अंतर. नियम सर्वांना सारखा आहे, पण जमीन सर्वांना सारखी मिळालेली नाही. एकाच्या घरी त्या जागेत गाडी उभी राहते, दुसऱ्याच्या घरी त्याच जागेवर पोट चालते.

डिसेंबर 2020 मध्ये राज्याने मुंबई आणि काही क्षेत्रे वगळून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नियमात बसणारा आराखडा आणि कागदपत्रे सादर करून शुल्क भरले की ती पावतीच परवानगी मानली जाते. 300 चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. ही सवलत चांगलीच आहे. पण तिचा दरवाजा मालकीच्या कागदाने उघडतो आणि आपल्या असंख्य वस्त्यांचे घोडे तिथेच अडते. गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका नसते. गुंठेवारीतला भूखंड नियमित झालेला नसतो. गायरानावरच्या घराला तर अर्ज करण्याचीही सोय नसते. म्हणून शेडचा प्रश्न हा मुळात जमिनीचा आणि पर्यायाने जातीचा प्रश्न आहे, असे आम्हाला वाटते.

या पार्श्वभूमीवर 13 नोव्हेंबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतला पाहिजे. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने बुलडोझर कारवाईला शिस्त लावली. पाडकामापूर्वी किमान 15 दिवसांची नोटीस नोंदणीकृत टपालाने द्यावी लागेल. कोणत्या नियमाचा भंग झाला हे तिच्यात लिहावे लागेल. व्यक्तिशः सुनावणी घ्यावी लागेल. बांधकाम दंड भरून नियमित होऊ शकते का, होत नसेल तर का नाही, याचे उत्तर अंतिम आदेशात असावे लागेल. आदेशानंतरही 15 दिवस थांबावे लागेल. हे निर्देश मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई वसूल होऊ शकते.

मात्र गैरसमज नको. या निकालाने विनापरवाना बांधकाम कायदेशीर होत नाही. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशयावरील बांधकामांना हे संरक्षण नाही. मिळतो तो वेळ आणि म्हणणे मांडण्याचा हक्क. गरिबासाठी तेवढेही थोडे नाही.

मग आपण काय करायचे? नोटीस हातात आली की तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहावी, फोटो काढावा आणि मुदतीत लेखी उत्तर देऊन पोच घ्यावी. सुनावणी आणि नियमितीकरणाची मागणी त्या उत्तरातच करावी. घाबरून स्वतःच पत्रे उतरवू नयेत. नोटीस येण्याआधीचे काम त्याहून महत्त्वाचे आहे. गावठाणात स्वामित्व योजनेतून मिळकत पत्रिका मिळवता येते. 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारी बांधकामांसाठी 2021 च्या दुरुस्तीने नियमितीकरणाचा मार्ग खुला केला आहे. त्याची स्थानिक पातळीवर काय स्थिती आहे, हे तरुणांनी कार्यालयात जाऊन विचारावे.

आपल्या विहारात रविवारी वंदनेनंतर एक तास वस्तीतल्या घरांच्या कागदांसाठी देता येईल. कोणाकडे कोणता कागद आहे आणि कोणता नाही, याची एक वही करावी. बाबासाहेबांनी हक्क कायद्याच्या भाषेत मिळवून दिले. ती भाषा वस्तीतल्या शेवटच्या घरापर्यंत नेणे हे आता आपले काम आहे.