सुट्टीच्या दिवशीचा श्वास

बेकरीत मैदा मळणाऱ्याला धाप लागली, की त्याला पंप लिहून दिला जातो आणि बिडी सोडायला सांगितले जाते. तो काम काय करतो, हे क्वचितच कोणी विचारते. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० मध्ये हा प्रश्न विचारण्याचा आग्रह धरला होता, आणि पिठामुळे बेकरीवाल्यांना लागणारी धापही नोंदवली होती. प्रौढपणी जडणाऱ्या दम्यापैकी सुमारे १५ टक्के कामाशी निगडित असतो, असे जगभरातले अभ्यास सांगतात.

हा दमा एकाच जातीचा नसतो. मैद्याची किंवा त्यात मिसळलेल्या अमायलेज या विकराची ॲलर्जी महिनोन्‌महिने अंगात मुरते, मग चिमूटभर पीठही पुरते. मोटारींना स्प्रेने रंग देणाऱ्याच्या बाबतीत हार्डनरमधले आयसोसायनेट हेच करते. क्लोरिन गळाला तर एका माऱ्याने, चोवीस तासांत दमा उभा राहू शकतो. ज्याला तो आधीच आहे, त्याचा धुळीने नुसता चाळवतो. ॲलर्जीवाल्याला त्या पदार्थापासून कायमचे दूर करावे लागते. चाळवलेल्या दम्याचे मात्र धूळ आवरली, औषध नीट दिले, की त्याच जागी भागू शकते. दम्याचा प्रकार ठरला, की त्या माणसाची नोकरीही ठरते.

इथे श्वासाची चाचणी कामी येते. यंत्रात दहाएक सेकंद संथ फुंकर मारायची. उच्छ्वासातला नायट्रिक ऑक्साइड अब्जांश भागांत मोजला जातो. प्रौढांत २५ च्या खाली कमी, ५० च्या वर जास्त. जास्त असेल तर श्वासनलिकांत बहुधा ॲलर्जीच्या वळणाची सूज असते. पण एकट्या आकड्यावर विसंबू नये. धूम्रपानाने आणि स्टेरॉइडच्या पंपाने तो उतरतो, ॲलर्जीच्या सर्दीने चढतो. कामाच्या आठवड्यातला आकडा सुट्टीनंतरच्या आकड्याशी ताडून पाहिला, तरच काही कळते. मैद्याच्या दम्यात हा फरक बऱ्याचदा ठळक असतो. आयसोसायनेटच्या दम्यात कधी दिसतो, कधी नाही.

म्हणूनच आकडा कमी आला म्हणून कारखाना निर्दोष ठरत नाही. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या अनुसूचीत व्यावसायिक दमा होता. भरपाईसाठी असा दमा सिद्ध करताना एका फुंकरीचा कागद पुढे करून दावा मोडीत काढणे सोपे आहे. (चकचकीत यंत्राला भुलण्यात आपण पटाईत आहोतच.) उच्छ्वासाचा वेग मोजणारी साधी पीक फ्लो नळी दिवसातून चार वेळा, दोन-चार आठवडे, कामावर आणि रजेवर फुंकली, तर तिची नोंद जास्त बोलते. कामगार विमा रुग्णालयांनी दोन्ही साधने ठेवावीत आणि एकाच चाचणीवर दावा फेटाळण्यास मनाई असावी. रोजंदारीवाल्याला रजा परवडत नाही, तेव्हा चाचणीसाठीच्या रजेची मजुरी मालकाने द्यावी. आणि गल्लीतल्या गॅरेजात रंग मारणाऱ्या ज्या माणसाकडे विमा कार्डच नाही, त्याची चाचणी महापालिकेच्या दवाखान्यात फुकट व्हावी.