‘स्टंट’ कुणाचा?

बाई रस्त्यावर उतरली की शिक्का तयारच असतो : ‘स्टंटबाजी!’ १९३५ च्या ‘हंटरवाली’त नादियाने स्टंट केले, तेव्हा तिच्या धाडसाला टाळ्या पडल्या. तेच धाडस पडद्याबाहेर आले की प्रसिद्धीचे सोंग ठरते. १९७२ मध्ये मुंबईच्या बायकांनी महागाईविरुद्ध लाटण्यांनी थाळ्या बडवल्या, त्या लक्ष वेधण्यासाठीच. गप्प बसून कुणी ऐकले असते का? २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याकडे निघालेल्यांनाही हेच ऐकावे लागले. त्याच एप्रिलमध्ये चौथरा स्त्रियांना खुला झाला. मागणीला उत्तर नसले की हेतूवर संशय घ्यायचा, एवढेच या शब्दाचे काम. मैत्रिणींनो, मतभेद जरूर मांडूया. पण दुसऱ्या संघटनेच्या लढ्याला आपण तरी ‘स्टंट’ म्हणू नये.